आधी कळ थांबवा

माजलगाव भागात उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात कोयता लागलेले पाय आणि ट्रॉलीत सापडलेली बोटं येऊ लागतात. अशीच एक ऊसतोड बाई आली. नडगीवर खोल जखम, हाड दिसत होतं. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. घट्ट मिटलेली मूठ आणि १३० ची नाडी मात्र वेगळंच सांगत होती. हळूच म्हणाली, "झोपेचं इंजेक्शन नका देऊ साहेब, उद्या खाडा पडंल." कामावर गेलं नाही की मुकादम खाड्याचे पैसे कापतो. त्या धाकाने बायका दुखणं गिळतात.

दुखण्याला शून्य ते दहा आकडे द्या, हे पुस्तकात ठीक. आमच्याकडे मी विचारतो, रुपयात किती आणे? जुन्या माणसांना ते लगेच कळतं. बाई म्हणाली, "चौदा आणे."

लहान रुग्णालयात मॉर्फिन, फेंटानिलसारखी जोरदार वेदनाशामकं सहसा नसतात. परवान्याची कटकट कमी व्हावी म्हणून २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तरी खेड्यातली कपाटं बरीचशी रिकामीच. आमचा खरा आधार केटामाइनचा. १९६२ साली तयार झालेलं हे औषध स्वस्त आहे आणि बेताच्या मात्रेत श्वास सहसा चालू ठेवतं, रक्तदाबही सहसा पाडत नाही. रक्त गेलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही. पन्नास किलोच्या त्या बाईला पंधरा मिलिग्रॅम सलाईनमधून पाव तासात सोडलं. जखमेभोवती बधिर करणारं लिग्नोकेन भरलं आणि टाके घातले. ती जागीच होती. "आता चार आणे," म्हणाली.

लेकरांचं वेगळं. हात-पाय धरायला चार माणसं बोलावून टाके घालायची रीत मी पाहिली आहे, आणि ती मला अजिबात मान्य नाही. मी त्यांना केटामाइननेच भूल देतो. अशा वेळी मात्रा जास्त लागते, म्हणून तयारीही पूर्ण लागते: ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग, बोटाला ऑक्सिमीटर, आणि फक्त श्वासाकडे बघणारा एक माणूस. तो माणूस नसेल तर मी भूल देत नाही, अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवतो. मांडीचं हाड मोडलं असेल तर निघण्याआधी फळी बांधून नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन मात्र देतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोडलेलं हाड घेऊन कुणी कळवळत जाऊ नये. केटामाइनवर लेकराचे डोळे उघडेच राहतात, बुबुळं हलतात. हे आईला आधी सांगितलं नाही तर ती घाबरून जाते.

पोटात दुखत असेल तर औषध देऊ नका, निदान चुकेल, असं अजून ऐकू येतं. अभ्यासांनी ही भीती खोटी ठरवली आहे. कळ उतरली की पोट सैल होतं आणि तपासणं उलट सोपं जातं.

तुमचं माणूस कॅज्युअल्टीत असेल तेव्हा त्याने शेवटचं कधी खाल्लं, दारू घेतली आहे का, कोणत्या औषधाचा त्रास होतो, हे न लपवता सांगा. आणि दुखणं थांबवायला काय दिलं, हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.