बांगड्याचा काटा

शनिवारी मित्रासोबत आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठली. आमच्या घाटावर सुकट-बोंबील. ताजा बांगडा खायचा म्हणून खानावळीत शिरलो. मालक अगत्यानं बोलला, मग म्हणाला, ‘पाहुणे कुठले? आडनाव काय?’

गावाच्या नावाला ‘कर’ जोडून मी मोकळा झालो. मालक खूश. सोलकढी वाढून गेला. घास मात्र घशात अडला. मांडवीच्या वाळूत मित्र बोललाच, ‘खोटं का बोल्लास रं?’

रविवारी थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा बौद्ध राजा. 1885 साली इंग्रजांनी राज्य काढून घेतलं, त्याला इथं आणून नजरकैदेत ठेवलं. 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला. 1916 मध्ये तो इथंच मेला. राज्य गेलं, नाव राहिलं. मला कुणी कैदेत टाकलं नव्हतं. मीच माझं नाव कैदेत टाकलं होतं.

‘कर’ लावण्यात पाप नाही. बाबासाहेबांचं मूळगाव आंबडवे, ते याच जिल्ह्यात. पण मी ‘कर’ लावला तो भीतीपोटी.

दुपारी मुद्दाम त्याच खानावळीत गेलो. म्हटलं, ‘काल खोटं सांगितलं.’ खरं आडनाव सांगितलं. जयभीमवाला आहे, तेही सांगितलं. मालक नुसता ‘बरं’ म्हणाला. ताट आलं, तो पुन्हा आमच्याकडं फिरकला नाही.

बांगडा कालचाच. आज काट्यासकट गोड लागला. पैसे मोजून टाकले, ताठ मानेनं एस.टी. धरली.

मित्रांनो, तुम्ही काय सांगता?