छोट्या गाड्यांचं मोठं गाव

टोकियोहून बुलेट ट्रेननं पश्चिमेकडे निघालं, की उजव्या हाताची खिडकी पकडायची. आभाळ स्वच्छ असेल, तर तासाभराच्या आत फुजी पर्वत दिसतो. पाठोपाठ चहाचे मळे लागतात आणि शिझुओका नावाचं स्टेशन येतं. टोकियोपासून अंतर साधारण १८० किलोमीटर. सगळ्यात वेगवान 'नोझोमी' गाडी इथे थांबत नाही बरं का! 'हिकारी' नाहीतर 'कोदामा' पकडायची.

पण दोस्तांनो, आपण इथे फुजी बघायला आलेलो नाही आणि चहा प्यायलाही नाही. आपण आलोय मोटारी बघायला. तुमच्या तळहातावर मावतील अशा मोटारी!

या गावात हिंडताना एक गमतीदार टपालपेटी भेटते. एका मोठ्या चौकटीत सुटे भाग काड्यांनी अडकवलेले आहेत आणि त्यातच ही पेटी आहे. कुणीतरी येईल, भाग तोडून घेईल आणि पेटी जोडेल, असं वाटावं! पण पेटी खरीखुरी आहे. तुम्ही पत्र टाकलंत, तर ते नक्की पोहोचेल. असाच एक सार्वजनिक टेलिफोनही आहे. २०२१ सालापासून शिझुओका महापालिकेनं अशा वस्तू उभ्या करायला सुरुवात केली. कारण जपानमध्ये बनणाऱ्या प्लॅस्टिकच्या मॉडेलांपैकी बहुतेक सगळी मॉडेलं याच शहरात आणि याच्या आसपास तयार होतात.

सुतारांचं गाव

आता तुम्ही विचाराल, की हा धंदा नेमका इथेच का? त्यासाठी आपल्याला चारशे वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा या गावाचं नाव होतं सुम्पू. जपानचा बलाढ्य शोगुन तोकुगावा इएयासू म्हातारपणी इथे येऊन राहिला. १६१६ साली तो वारला आणि जवळच्या कुनो डोंगरावर त्याचं भव्य स्मारक-मंदिर उभं राहिलं. पुढे गावातलं सेनगेन मंदिरही नव्यानं बांधलं गेलं. या कामांसाठी देशभरातून सुतार, कोरीव काम करणारे आणि लाखेचा रंग चढवणारे कारागीर आले. काम संपलं, पण त्यातले पुष्कळ कारागीर परत गेलेच नाहीत. त्यांच्या हातांतून पुढे लाकडी पेट्या, सामानसुमान आणि बाहुल्या तयार होऊ लागल्या. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत जशी लाकडी खेळण्यांची परंपरा रुजली, तशी इथे लाकूडकामाची रुजली.

मग विसाव्या शतकात लाकडाची छोटी विमानं आणि जहाजं आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या जून महिन्यात, बॉम्बहल्ल्यात हे शहर जळून खाक झालं. पुढच्याच वर्षी योशिओ तामिया नावाच्या गृहस्थांनी इथे लाकडाची वखार सुरू केली. वखारीला जोडून लाकडी मॉडेलं करायचं कामही सुरू झालं. १९५१ साली आग लागली आणि त्यांचं लाकूड जळून गेलं. तेव्हा तामियांनी वखार बंद करून सगळा भर मॉडेलांवर द्यायचं ठरवलं.

लाकूड हरलं, हात जिंकले

पण संकटांची माळ संपायची होती कुठे? १९५० च्या दशकात अमेरिकेतून प्लॅस्टिकची मॉडेलं येऊ लागली. लाकडी मॉडेलात एक ठोकळा मिळायचा. तो तुम्हीच तासायचा, तुम्हीच घासायचा. प्लॅस्टिकच्या डब्यात मात्र बारीकसारीक भाग तयारच! पोरांनी लाकडाकडे पाठ फिरवली. दुकानदार लाकडी माल परत पाठवू लागले. योशिओंचा मुलगा शुनसाकू नुकताच कॉलेज संपवून धंद्यात आला होता. त्यांनी १९६० साली 'यामातो' या प्रसिद्ध युद्धनौकेचं प्लॅस्टिक मॉडेल काढलं. पण नेमकं त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीनं तीच नौका स्वस्तात बाजारात आणली. तामियांना किंमत उतरवावी लागली आणि खर्चही भरून निघाला नाही.

मग त्यांना कुणी तारलं, ठाऊक आहे? चिमुकल्या मोटारींनी! 'बेबी रेसर' नावाच्या स्वस्त आणि मस्त छोट्या गाड्या त्यांनी काढल्या आणि त्या पोरांनी पटापट उचलल्या. त्यानंतर मोटर बसवलेला 'पँथर' रणगाडा आला. तो इतका छान चालायचा, की कंपनीनं मागे वळून पाहिलंच नाही.

आणि सुतारांचं काय झालं? तर त्या काळी प्लॅस्टिकच्या भागाचा साचा पोलादात कोरण्याआधी मोठ्या आकाराचा लाकडी नमुना करत. तो नमुना नीट उतरला, तरच साचा नीट उतरायचा. म्हणजे खोक्यातून लाकूड गेलं, पण लाकूड कोरणाऱ्या हातांची गरज काही गेली नाही.

एका पोर्शाची गोष्ट

मोठी वस्तू लहान करायची म्हणजे काय, हे समजायला पोर्शाची गोष्ट ऐका.

१९७० च्या दशकात शुनसाकू तामियांना पोर्शा ९३४ या शर्यतीच्या गाडीचं मोठं मॉडेल करायचं होतं. ते जर्मनीला गेले, फोटो काढले, मापं घेतली. घरी आल्यावर कळलं, की अजून पुष्कळ गोष्टी समजलेल्याच नाहीत. मग त्यांनी काय करावं? चक्क एक खरी पोर्शा ९११ विकत घेतली आणि ती नटबोल्टांपर्यंत सुटी केली! नुसतं बघण्यासाठी! गंमत म्हणजे पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा ते काम कुणाला जमेना. शेवटी पोर्शाचा मिस्त्री बोलवावा लागला. १९७६ साली ते मॉडेल बाजारात आलं. खऱ्या गाडीच्या एक बारांश, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर लांब.

शेकडो छोटे भाग करायचे, तर हजारो मोठे भाग आधी डोळ्यांखालून जायला हवेत. लहान करण्याचं खरं काम हातांच्या आधी डोळे करतात.

चोवीस सेंटिमीटरचा एक

गाड्यांच्या मॉडेलांत सगळ्यात लोकप्रिय प्रमाण आहे १:२४. खऱ्या गाडीचे २४ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलचा १ सेंटिमीटर. सव्वाचार मीटरची गाडी अठरा सेंटिमीटरांत बसते. आता गणित करा पाहू! लांबी २४ पट कमी, रुंदी २४ पट कमी आणि उंचीही २४ पट कमी. २४ x २४ x २४ म्हणजे १३,८२४. म्हणजे खऱ्या गाडीएवढ्या जागेत अशी तेरा हजारांहून जास्त मॉडेलं बसतील!

याच गणितानं रंगाची पंचाईत होते. खऱ्या गाडीच्या दाराभोवतीची फट समजा ५ मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर ती ०.२ मिलिमीटरच उरते. रंगाचा जाड थर दिलात, की फट बुजली आणि दार गायब! म्हणून रंग पातळ, एकावर एक थरांत आणि प्रत्येक थर वाळू देऊनच द्यायचा असतो.

खोकं उघडल्यावर कामाचा क्रम असा :

१. आधी माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचा. भाग तोडायची घाई नको. सुट्या भागावर नंबर नसतो, तो चौकटीवर असतो.

२. भाग हातानं पिळून काढू नका. बारीक कटरनं थोडी काडी ठेवून कापा, मग उरलेला टोक कापून काचकागदानं घासा. आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग १०००.

३. जोडायच्या आधी भाग कोरडेच लावून बघा. या कामाचा गोंद आपल्या नेहमीच्या गोंदासारखा नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग वितळून एकजीव होतात. एकदा चिकटलं, की चिकटलं. म्हणून थेंब छोटाच घ्या.

४. रंगाआधी राखाडी अस्तर द्या. अस्तरावर प्रत्येक ओरखडा चुगली करतो. तो घासून काढा, मगच रंग.

५. नंबर, पट्टे आणि नावं पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवतात. इथे चिमटा आणि धीर, दोन्ही लागतात.

धारदार कटर आणि स्प्रे वापरताना आईबाबांना बरोबर घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. गोंदाचा आणि रंगाचा वास नाकात भरून घेणं वाईट.

आता आपली अक्कल!

खोक्यावरच्या चित्रासारखी गाडी झाली. पुढे काय? पुढची मजा म्हणजे ती गाडी आपली करायची. कुणी रंग बदलतो, कुणी चाकं बदलतो, कुणी गाडी जमिनीलगत खाली आणतो. कुणी वायरचे बारीक तुकडे लावून इंजिनाच्या नळ्या करतो. एखादा तर चकचकीत गाडीवर गंज आणि चिखलाचे डाग रंगवून तिला दहा पावसाळे पाहिलेली करून टाकतो!

यात जपानच्या शाळकरी पोरांनी कमाल केली ती 'मिनी ४डब्ल्यूडी' गाड्यांत. १९८२ साली तामियांनी या गाड्या काढल्या. प्रमाण १:३२, गोंद लागत नाही, दोन पेन्सिल सेलवर चालतात. त्यांना सुकाणू नाही, म्हणजे वळायचं कसं? गाडीच्या कडेला छोट्या फिरक्या असतात. त्या रुळाच्या भिंतीला घासत जातात आणि गाडी आपोआप वळते. १९८८ साली 'जपान कप' नावाची स्पर्धा सुरू झाली, आणि वेगाचं वेड लागलं. पोरांनी पाहिलं, गाडी हलकी असेल तर वेग वाढतो. झालं! प्लॅस्टिकच्या सांगाड्याला भोकं पाडायचा सपाटा सुरू झाला. या भोकं पाडण्याला जपानी भाषेत जे म्हणतात, त्याचा अर्थ 'मांस काढणं'! पण जास्त मांस काढलं, की सांगाडा पहिल्याच वळणावर मोडायचा. किती काढायचं आणि कुठे थांबायचं, हे पुस्तकात सापडत नाही. ते गाडी मोडूनच कळतं.

मे महिन्यातली जत्रा

शिझुओकाला जायचं तर मे महिन्यात जावं. तेव्हा इथे 'शिझुओका हॉबी शो' भरतो. १९५९ साली सुरू झालेला हा मेळा खरं तर कंपन्यांचा. तामिया आहेत, अओशिमा आणि फुजिमी आहेत, शेजारच्या याइझू गावची हासेगावा आहे, 'गुंडम' नावाचे यंत्रमानव बनवणारी बान्दाई आहे. पण १९९० पासून यात आणखी एक दालन आलं. त्यात मॉडेल करणाऱ्या मंडळांची टेबलं असतात. त्यांच्यात कुणी शिक्षक, कुणी ड्रायव्हर, कुणी आजोबा! स्वतः केलेल्या गाड्या ते मांडून बसतात. 'हे कसं केलंत?' असं विचारलं, की त्यांचे चेहरे खुलतात.

कंपनीला भराभराटीला नेणारे शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी गेले. वखारवाल्याचा हा मुलगा. जगभरच्या लाखो मुलांना त्यांनी एक सवय लावली. समोरची वस्तू कशी बनली आहे, हे बघायची सवय.

आणि तुमचं काय?

'आम्हांला इतकी महागडी खोकी कुठून मिळायची?' असं म्हणाल, तर खोकं नसलं तरी अडत नाही. महाराष्ट्रातल्या किती तरी मुलांनी पुठ्ठा आणि फोमशीट कापून एसटीच्या हुबेहूब लाल गाड्या केल्या आहेत. खिडक्यांच्या गजांपासून पाटीवरच्या गावाच्या नावापर्यंत! त्यांनी गाडी कुठे पाहिली? रोज शाळेला जाताना, स्टँडवर.

तुम्ही सोप्यापासून सुरुवात करा. मारुती ८०० घ्या. २०१४ साली ती बनायची थांबली, पण रस्त्यावर अजून दिसते. तिची लांबी ३३३५ मिलिमीटर, रुंदी १४४० आणि उंची १४०५. प्रत्येक आकड्याला २४ नं भागा. लांबी सुमारे १३.९ सेंटिमीटर, रुंदी बरोबर ६ आणि उंची ५.९ च्या आसपास. वहीत चौकट आखली, की झाली तुमच्या मॉडेलची सुरुवात.

मग एखादी मारुती उभी दिसली, की तिच्या मालकाला विचारून जरा वेळ तिच्याजवळ थांबा. पुढची काच किती तिरकी आहे? दाराची मूठ दाराच्या मधोमध आहे की मागे? चाकाचा मध्य दिव्यापासून किती दूर? ही गाडी तुम्ही शंभरदा पाहिली असेल. पण पुठ्ठा कापायला बसाल, तेव्हा कळेल की नीट पाहिलीच नव्हती!

तर मग उचला फूटपट्टी आणि लागा कामाला.