फासा पडला, पण मोजायचा नाही

संपादकांना खरं तर कायद्यावरचा लेख हवा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तेव्हापासून माझ्या फोनला उसंत नाही. सावेडीत, नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीच्या अख्ख्या अहिल्यानगरात 'गेममध्ये काम करणारा' असा मी एकटाच. ''म्हणजे रमीच ना?'' असं विचारतात. नाही हो. मी गेममधले फासे तपासतो. शंभर पेट्या उघडल्या तर पाचांत सोनेरी तलवार निघेल असं कंपनीने लिहिलेलं असतं. ती खरंच तेवढ्यांदा निघते का, हे पाहण्यासाठी लाखो पेट्या उघडणारा प्रोग्रॅम लिहायचा, रात्रभर चालू ठेवायचा आणि सकाळी बेरीज मांडायची. कंटाळवाणं काम आहे. पण कोणी फासा किंचित जरी वाकडा केला तर तो बेरजेत सापडतो, आणि तो सापडला की दिवस चांगला जातो.

कायद्यावर वकिलांनी लिहावं. मी संपादकांना म्हटलं, मला शून्यावर लिहू द्या.

आपल्याकडे पोकेमॉन म्हटलं की शाळेतून आल्यावर लागणारं कार्टून, वेफर्सच्या पाकिटातले टाझो, नाहीतर २०१६ साली मोबाइल समोर धरून रस्त्याने हिंडणारी पोरं आठवतात. मूळ खेळ त्याहून जुना, १९९६ चा जपानी. गवतातून चालायचं, प्राणी समोर आला की पकडायचा, वाढवायचा. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याचे 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे भाग आले आणि त्यांत एक नवी गंमत आली. तोच प्राणी, तेच बळ, पण क्वचित एखादा वेगळ्याच रंगाचा निघायचा. खेळाडू त्याला शायनी म्हणतात. असं काही असतं हे कळावं म्हणून कथेतच एका तळ्यावर लाल ग्याराडोस ठेवला होता. एरवी तो निळा असतो. हा एक लाल प्रत्येकाला हमखास भेटायचा, बाकीचे ज्याच्या त्याच्या नशिबाने.

नशीब म्हणजे किती? इथे मला राहवत नाही, थोडं गणित सोसा. त्या भागात प्रत्येक प्राण्याला जन्मतः काही छुपे आकडे मिळत, ० ते १५ मधले. बचाव, वेग आणि 'स्पेशल' हे तिन्ही आकडे बरोबर १० हवेत आणि हल्ल्याचा आकडा सोळांपैकी ठरावीक आठांत बसायला हवा. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, वर निम्म्याची अट. ८१९२ मध्ये एक. म्हणजे रंग हा प्राण्याला फासलेला नसतोच, तो त्याच्या आकड्यांतून निघतो.

२००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर'पासून रीत बदलली, आणि माझ्या मते या सगळ्या मालिकेतली ती सर्वांत देखणी कारागिरी. खेळ सुरू करताना खेळाडूला दोन क्रमांक मिळतात, एक दिसणारा आणि एक गुप्त. प्राण्यालाही एक मोठा क्रमांक असतो, त्याचे दोन तुकडे करायचे. असे चार आकडे झाले. ते 'एक्सॉर' नावाच्या क्रियेने एकमेकांत घालायचे (दोन आकडे बिटाबिटाने ताडून जिथे फरक असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. बस, एवढंच). उत्तर ० ते ६५५३५ मध्ये कुठेतरी येतं. ते ८ पेक्षा लहान आलं तर प्राणी शायनी. ६५५३६ भागिले ८, पुन्हा ८१९२. जुनी शक्यता नव्या सूत्रातही नेमकी राखली. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये ८ च्या जागी १६ केले आणि शक्यता ४०९६ मध्ये एक झाली.

यातली खरी मौज वेगळीच आहे. तोच क्रमांक घेऊन जन्मलेला प्राणी तुमच्या गवतात शायनी निघेल आणि माझ्या गवतात साधा, कारण माझे क्रमांक वेगळे. पत्रिका जुळावी तसं हे आहे, एकट्या मुलाची किंवा एकट्या मुलीची पत्रिका पाहून काहीच सांगता येत नाही.

लोकांचा पहिला गैरसमज इथेच होतो. ४०९६ मध्ये एक, म्हणजे ४०९६ प्राणी पाहिले की एक मिळायलाच हवा. मुळीच नाही. तेवढे पाहूनही रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते, दुप्पट पाहिले तरी साडेतेरा टक्के. निम्मी शक्यता गाठायलाच सुमारे २८३९ प्राणी लागतात. फाशाला मागचं काही आठवत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की आता घरचेच मला ते ऐकवतात. तरी हा गैरसमज मला चालतो, कारण त्यात आशा चुकीची असली तरी तिच्या मागे खरी शक्यता असते.

दुसरा गैरसमज मात्र खेळाडूचा नाही, तो खेळवणाऱ्याने ठेवलेला आहे.

२०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये वेष्टनावर झळकणारे रेशिराम आणि झेक्रोम, शिवाय व्हिक्टिनी नावाचा छोटा प्राणी, हे कधीच शायनी निघणार नाहीत अशी सोय केली गेली. त्याआधी वेष्टनावरचे मोठमोठे प्राणीही नशिबात असले तर वेगळ्या रंगात भेटत. लोक त्यांच्यासमोर उभं राहण्याआधी खेळ साठवून ठेवत, साधा रंग दिसला की एल, आर, स्टार्ट, सिलेक्ट ही चार बटणं एकदम दाबून पुन्हा सुरू करत. आठवडेच्या आठवडे. आता काही प्राण्यांपुरतं ते व्यर्थ झालं. खेळाडूंनी याला शायनी लॉक असं नाव दिलं. खेळात मात्र याबद्दल कुठे एक ओळ नाही. बटणं तीच, संगीत तेच, रंग दिसण्याआधीचा तो अर्धा सेकंदही तोच. फक्त शक्यता शून्य.

आणि आता माझा जुना वाद. कार्यालयात याला सगळे कंटाळले आहेत, वाचकांना अजून संधी आहे. त्या २०१० च्या खेळात कुलूप कसं घातलं होतं? फासा टाकलाच नाही, असं नाही. फासा नेहमीसारखा पडत होता, क्रमांक निघत होता, एक्सॉर होत होता. उत्तर ८ पेक्षा लहान आलं, म्हणजे प्राणी शायनी ठरला, तर प्रोग्रॅम त्या क्रमांकातलं एकच बिट उलटं करायचा. त्या बिटाची किंमत अशी की उत्तर शून्य ते सातच्या जागेवरून थेट ४०९६ च्या पलीकडे जायचं. झाला साधा. माझे सहकारी म्हणतात, यात काय एवढं? पडद्यावर आलंच नाही, तर ते नव्हतंच. मी म्हणतो, होतं. यंत्राने ते मोजलं होतं. जगभर एवढ्या लोकांनी बटणं दाबली, त्यात कितीजणांना त्यांचा शायनी खरोखर लागला आणि सेकंदाचा बारीकसा तुकडा संपायच्या आत काढून घेतला गेला. त्यांना तो कळलाही नाही. फासा मुळातच न टाकणं आणि पडलेला फासा झाकून दुसरा दाखवणं, या दोन गोष्टी माझ्या धंद्यात एक नाहीत. आमच्याकडे कोणी असा प्रोग्रॅम आणून दिला आणि वर शक्यतेचा तक्ता जोडला, तर मी त्यावर सही करणार नाही.

सहकारी म्हणतात, पण त्यांनी तक्ता कुठे जोडला होता? हे मात्र खरं. कोणी वचनच दिलं नव्हतं.

बरं, रंग बनवलेलेच नव्हते म्हणावं तर तसंही नाही. कुलूपबंद प्राण्यांचे वेगळे रंग खेळाच्या माहितीत तयार असतात. कोणा चित्रकाराने बसून ते निवडलेले असतात. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात एखादं काळविटाचं पाडस पांढरं जन्मलं, तर ते रक्तातलं कारण. ते जन्मू नये असं वनखात्याला ठरवता येत नाही. इथे मात्र पाडस रंगवून ठेवलेलं आहे आणि फाटकाला कुलूप.

कुलूप का? माझं मत सांगतो. कथेतल्या मोठ्या प्रसंगी, जाहिरातीत आणि कार्टूनमध्ये प्राणी एकाच रंगात दिसावा, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: बंद ठेवलेला रंग पुढे वाटता येतो. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये झेशियन आणि झामाझेंटा बंद होते, २०२१ मध्ये त्यांचे शायनी कोडने वाटले गेले. इटर्नॅटस २०२२ मध्ये. मी त्यांना नावं ठेवतो खरा, पण 'हा रंग दिवाळीच्या सेलपर्यंत शून्यावर ठेवा' अशी सूचना आमच्याकडेही येते, आणि तो शून्य खरंच शून्य आहे ना हे तपासून मी अहवाल देतो. पगार त्याचाच आहे.

फोनवरच्या 'पोकेमॉन गो'मध्ये हेच उघडपणे चालतं. तो भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला, आणि त्यातला पहिला शायनी म्हणजे मार्च २०१७ मधला सोनेरी मॅजिकार्प. तिथे नवा प्राणी बहुधा साध्या रंगातच येतो आणि त्याचा शायनी पुढे एखाद्या उत्सवात चालू करतात. त्या दिवशी पुण्या-मुंबईचे खेळाडू बागेतून चक्कर मारून पिशवी भरतात. लहान गावात खेळातले थांबेच मोजके, तिथला खेळाडू एसटी स्टँड ते देऊळ अशा येरझाऱ्या घालतो.

आता ज्या प्रकरणाने मला हे लिहायला लावलं ते. राहुरीचे एक बी-बियाण्यांचे दुकानदार गेल्या वर्षी मुलाला घेऊन घरी आले. मुलगा अकरावीतला. पुण्याच्या मामाने दिलेलं स्विच नावाचं जुनं गेमयंत्र, त्यात पोकेमॉनचा 'व्हायोलेट' हा भाग. वेष्टनावर जो मिरायडॉन आहे त्याचा शायनी मुलाने ओळख ना पाळख अशा माणसाकडून आठशे रुपयांना घेतला होता. पैसे यूपीआयने दिले, प्राणी खेळातल्या अदलाबदलीतून आला. मग मित्रांनी नकली म्हणून चिडवलं. वडिलांना पोलिसांत द्यायला तज्ज्ञाचं पत्र हवं होतं. ''सर, अस्सल का नकली, तेवढं पाहून सांगा.''

पाहायची गरजच नव्हती. तो खेळ २०२२ चा, मिरायडॉन त्यात बंद. त्या तारखेला जगात एकही अस्सल शायनी मिरायडॉन असणं शक्य नव्हतं. अशी खात्री माझ्या धंद्यात क्वचित मिळते. एरवी आम्ही 'संशयास्पद', 'अपेक्षेपेक्षा अधिक' असे शब्द वापरतो. इथे सरळ 'अशक्य' लिहिलं. तरी मुलाच्या समाधानासाठी प्राण्याचं माहितीचं पान उघडलं. पकडल्याचं ठिकाण एरिया झिरो, म्हणजे कथेतलं ते खोल विवर. पकडणाऱ्याचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. हे सगळं संगणकावर बसून भरलेलं. जपानमध्ये अशा विक्रीवर पोलीस कारवाई झाली आहे. २०२१ मध्ये आयची प्रांतातल्या एका तरुणाला बनावट शायनी सॉबल ४४०० येनला विकल्याबद्दल पकडलं होतं. हे सांगितल्यावर वडिलांचा चेहरा जरा खुलला, म्हणजे निदान आपण वेडे नाही. मुलगा मात्र पडद्याकडे बघत म्हणाला, ''पण काका, रंग तर तोच आहे ना?''

होता. अगदी बरोबर तोच, कारण तो खेळातच होता.

आणि मग २०२५ मध्ये कंपनीने शायनी मिरायडॉन कोडने वाटला. वडिलांचा लगेच फोन, ''सर, मग आमचा आता खरा झाला का?'' नाही. वाटलेल्या प्राण्यावर भेट मिळाल्याची खूण असते, यांच्यावर विवरात पकडल्याची नोंद आहे, आणि विवरातलं कुलूप अजून तसंच आहे. माझं पत्र शब्दन् शब्द खरं आहे. तरी ते मला खुपतं. 'अशक्य' हा शब्द मी गणिताच्या जोरावर लिहिला होता, आणि तो कोणाच्या तरी विक्रीच्या वेळापत्रकावर टेकलेला निघाला.

चीनने २०१७ मध्ये पेट्यांच्या शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं, त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलनेही आपल्या दुकानात विकत घ्यायच्या पेट्यांसाठी तोच नियम आणला. दोन्हीकडे मुद्दा पैशाचा. पोकेमॉनच्या गवतात पैसे लागत नाहीत, लागतात ते दिवस, म्हणून तिथे शून्य लिहायला कोणी सांगत नाही. 'हा प्राणी सध्या वेगळ्या रंगात मिळत नाही' एवढी एक ओळ प्राण्यांच्या यादीत टाकायला कोणाही प्रोग्रॅमरला अर्धा दिवस पुरेल.

मुलाला मी त्या वेळी कुलूप नसलेला मार्ग दाखवला. दोन वेगवेगळ्या भाषांच्या खेळांतले प्राणी जोडीला लावले की अंड्यातून शायनी निघण्याची शक्यता वाढते, ६८३ मध्ये साधारण एक. २००६ पासून चालत आलेली ही युक्ती आहे. माझ्याकडचा जपानी खेळातला डिटो नावाचा प्राणी त्याला दिला. आता तो पिकनिकची चादर पसरतो, टोपलीतली अंडी गोळा करतो, वहीत रेघा ओढतो आणि रविवारी फोन करतो, ''काका, सातशे झाली, आता तरी येईल ना?'' मी त्याला ३७ टक्क्यांचा हिशोब पुन्हा सांगतो. मागून वडिलांचा आवाज येतो, बारावीचा अभ्यास कधी करणार म्हणून विचारा त्याला.