पाथरीच्या वाटेवर भेटलेली राणी

मानवत रोड स्टेशनवर उतरलं की मानवतहून पाथरीची एसटी मिळते. दुतर्फा काळं रान, त्यात कापूस नि सोयाबीन. कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस. पाथरीत परगावच्या माणसाला लोक आपणहून साईबाबांच्या मंदिराची वाट दाखवतात. दर्शन घेतलं आणि जुन्या गल्ल्यांकडे वळलो. अहमदनगरच्या निजामशाहीची मुळं इथे आहेत. या सुलतानांचे ब्राह्मण पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं फिरिश्ता सांगतो. वाडवडिलांच्या या गावासाठी बुरहान निजामशहा वऱ्हाडच्या इमादशहाशी भांडला आणि १५१८ मध्ये त्याने पाथरी घेतली.

बुरहानची सून खुंजा हुमायूँ. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच तिचा नवरा हुसेन निजामशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून राज्य तिने चालवलं. आफताबी कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’त राजाबरोबर तिचीही स्तुती गायली. चित्रकाराने तर तिला राजाशेजारी सिंहासनावर बसवलं. १५६९ मध्ये मुर्तजाने आईला कैद केलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या या हस्तलिखितात आज राजा दिसतो, सेवक दिसतात. राणीच्या जागी पुसट डाग उरलाय. ती कैदेत गेल्यावरच तिच्या आकृत्यांवर हात फिरला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. दोहदाच्या चित्रातली, जिच्या स्पर्शाने झाड फुलतं ती स्त्री तेवढी शाबूत आहे.

सिंहासनाजवळच्या बाईचं चित्र हे हत्यार सगळीकडेच चाललं. १८०५ मध्ये लंडनच्या जेम्स गिलरेने नेपोलियनची सम्राज्ञी जोसेफिन माजी फ्रेंच सत्ताधीश बारासपुढे उघडी नाचताना रंगवली. वार नेपोलियनवर करायचा होता, अब्रू मात्र तिची गेली. तिथे चित्र काढून बदनामी झाली, इथे चित्र पुसून.

पण खुंजाची लेक चांदबीबी. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरला वेढा घालून बसला, सुरुंगाने तट पडला, तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. लेकीचे पराक्रम आपण शाळेत शिकतो, आईचं नावही ऐकलेलं नसतं. या घराण्याचा उगम जिथे सांगितला जातो, त्या पाथरीने तरी दोघींची नावं एकत्र घ्यावीत. रंग पुसणाऱ्यांना इतिहासही पुसू देणं आपल्याला शोभत नाही.