बाल्कनीची सळई

साइट इंजिनिअरचा दिवस मस्टर, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब आणि बिलाची मापं यातच बराचसा जातो. ते कुणीही शिकतं. खरी परीक्षा स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी. टेकू ओळंब्यात आहेत का, प्लेटांच्या फटी बुजवल्या का, सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का. स्लॅबला निदान २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, हवा. ब्लॉक संपले की फिटर खडीचा तुकडा सरकवून मोकळा होतो. तो काढायला लावायचा आणि त्याची कुरकूर ऐकून घ्यायची.

माझं लक्ष मात्र बाल्कनीकडे जास्त. दोन भिंतींमधल्या स्लॅबला मधोमध ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून तिथे सळई खाली. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली. तिचा ताण वरच्या अंगाला, म्हणून मुख्य सळईही वर. ड्रॉइंगमध्ये ती खुर्च्यांवर, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळयांवर, ऐटीत बसलेली असते. माल पडायला लागला की घमेली घेतलेली माणसं तिच्यावरूनच ये-जा करतात, व्हायब्रेटरवाला तिच्यावरच पाय रोवतो, आणि वरची सळई बघता बघता तळाला जाते. फिनिशिंग झालं की वरून काही कळत नाही. कळतं ते टेकू काढताना, आणि तेव्हा खाली कुणी उभं असलं तर? म्हणून मी खुर्च्या जास्त बांधून घेतो, ये-जा करायला वर फळ्या टाकतो आणि बाल्कनी भरेपर्यंत तिथून हलत नाही. मुकादम म्हणतो, "साहेब, सावलीत बसा की जरा." त्याला मी नडतो, हे मला ठाऊक आहे.

दुसरं रोजचं भांडण पाण्याचं. पातळ माल पसरायला सोपा, त्यामुळे मिक्सरवाल्याचा हात सारखा पाण्याच्या डब्याकडे. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५० असेल तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर, त्यातून ओल्या वाळूतलं पाणी वजा. पावसाळ्यात हे सांगून घसा बसतो. इथे निदान त्याच मालाचे भरून ठेवलेले क्यूब मदतीला येतात. २८ दिवसांनी फोडले की मालाची ताकद कळते. सळई कुठे राहिली, हे मात्र क्यूबचा रिपोर्ट सांगत नाही.

घर बांधत असाल तर काँक्रीट पडण्याआधी बाल्कनीपाशी जाऊन एवढंच विचारा, मुख्य सळई वर आहे ना? आणि इंजिनिअरने काम थांबवलं, तर त्या दिवशी तरी त्याच्यावर चिडू नका.