शाफान चिटणिसाचे घराणे : एक गुंडाळी, तीन पिढ्या आणि जळालेले यरुशलेम

इ.स. १९८२. यरुशलेममध्ये मंदिराच्या टेकडीच्या दक्षिणेस, 'दाविदाचे नगर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उतारावर पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलो यांचे उत्खनन चालू होते. तिथे जळक्या थरातल्या एका घरात मातीच्या ५१ मोहोरा सापडल्या. प्रत्येक मोहोर जेमतेम नखाएवढी. त्या काळी पपायरसचा दस्तऐवज गुंडाळून दोरीने बांधत, गाठीवर ओल्या मातीची गोळी चिकटवत आणि तिच्यावर शिक्का उमटवत. बॅबिलोनच्या सैन्याने शहर पेटवले तेव्हा दस्तऐवज राख झाले. गाठीवरची माती मात्र भट्टीत भाजावी तशी पक्की झाली.

त्यांतल्या एका मोहोरेवर जुन्या हिब्रू लिपीत नाव आहे : गमऱ्याहू, शाफानाचा मुलगा.

हा गमऱ्या बायबलच्या वाचकांना ठाऊक आहे, पण अंधुकसाच. बायबलमधील घराणी म्हटली की दावीद, शलमोन, सिंहासन, वंशावळ हेच डोळ्यांसमोर येते. शाफानाचे घराणे सिंहासनावर कधी बसलेच नाही. ते दफ्तरात बसले. तरीही यहूदा राज्याच्या अखेरच्या चाळीस वर्षांत श्रद्धेची जी काही अब्रू दरबारात शिल्लक राहिली, ती मुख्यतः या चिटणिसांच्या घराने राखली.

आरंभ अगदी कारकुनी आहे. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू होती. सुतार, गवंडी यांच्या मजुरीचा पैसा मोजून घेण्यासाठी राजाने आपला चिटणीस शाफान याला महायाजक हिल्कीयाकडे पाठवले. हिल्कीयाने त्याच्या हाती एक गुंडाळी दिली : मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आहे. (हा ग्रंथ म्हणजे आजच्या 'अनुवाद' या पुस्तकाचा गाभा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.) शाफानाने तो वाचला, राजाकडे गेला आणि आधी पैशाचा हिशेब सांगितला. मग म्हणाला, हिल्कीयाने एक ग्रंथ दिला आहे. शिस्तीचा माणूस! जगाची उलथापालथ करणारा कागद हातात असतानाही त्याने जमाखर्चाचा क्रम चुकवला नाही.

वाचन ऐकून राजाने आपली वस्त्रे फाडली. ग्रंथाचा अर्थ विचारण्यासाठी हुल्दा या संदेष्ट्रीकडे पाच जण गेले. त्यांत शाफान होता, त्याचा मुलगा अहीकाम होता, आणि अकबोर नावाचा एक दरबारीही होता. अकबोराचे नाव पुढे लागणार आहे.

इ.स.पू. ६०९ मध्ये योशीया मगिद्दो येथे मिसरी सैन्याकडून मारला गेला आणि सुधारणेचा जोर ओसरला. त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर आला. त्या राजवटीच्या आरंभी यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या अंगणात उभे राहून सांगितले की हे मंदिरही शिलोच्या जुन्या देवस्थानासारखे उजाड होईल. याजकांनी त्याला धरले, देहदंडाची मागणी केली. मागणी पोकळ नव्हती. असेच बोलणारा उरीया नावाचा दुसरा संदेष्टा मिसर देशात पळाला होता. राजाने माणसे पाठवून त्याला परत आणवले आणि तलवारीने मारले. त्याला पकडून आणणाऱ्यांचा प्रमुख होता एलनाथान, अकबोराचा मुलगा.

यिर्मया वाचला. का वाचला, ते मूळ ग्रंथ एका वाक्यात सांगतो : शाफानाच्या मुलाचा, अहीकामाचा, हात त्याच्यावर होता. चमत्कार नाही, आकाशवाणी नाही. दरबारात वजन असलेल्या एका माणसाने ते वजन वापरले, एवढेच. हुल्देच्या दारात एकत्र उभ्या राहिलेल्या दोन घरांपैकी एकाने संदेष्टा वाचवला, दुसऱ्याने संदेष्टा मारण्यासाठी आणून दिला.

इ.स.पू. ६०४ च्या हिवाळ्यात दुसरी गुंडाळी येते. यिर्मयाला मंदिरात पाऊल ठेवता येत नव्हते, म्हणून त्याचा लेखनिक बारूख याने त्याची वचने लोकांसमोर वाचली. कोठे? वरच्या अंगणात, गमऱ्याच्या दालनात. मोहोरेवरचा गमऱ्या तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सरकारी अधिकाऱ्याने बंडखोर ठरलेल्या संदेष्ट्यासाठी आपली खोली उघडून देणे ही लहान गोष्ट नव्हे. गमऱ्याचा मुलगा मीखाया ते वाचन ऐकून थेट राजवाड्यातल्या चिटणीसखान्यात गेला आणि तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांना, बापासह सर्वांना, ऐकलेले सांगितले. अधिकाऱ्यांनी बारूखाला बोलावले, गुंडाळी पुन्हा वाचून घेतली, आणि त्याला सांगितले की तू आणि यिर्मया दोघेही लपून राहा.

मग गुंडाळी राजापुढे गेली. यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि आगीत टाकी. गमऱ्या, दलाया आणि तिसरा एक जण यांनी विनवले की हे जाळू नका. तिसरा होता एलनाथान, उरीयाला ओढून आणणारा तोच. माणसे वारशाच्या सरळ रेषेत चालत नाहीत, हे ग्रंथकाराने इथे न बोलता नोंदवून ठेवले आहे.

ही कथा लिहिणाऱ्याच्या मनात बापाचा प्रसंग नक्की होता. योशीयाने वस्त्रे 'फाडली' आणि यहोयाकीमाने गुंडाळी 'कापली', या दोन्ही ठिकाणी हिब्रूत क्रियापद एकच आहे. शिवाय राजाने व त्याच्या सेवकांनी वस्त्रे फाडली नाहीत, असेही तो मुद्दाम लिहितो. एकाच सिंहासनावर बाप आणि मुलगा एवढे दूर गेले. चिटणिसाच्या घरात मात्र आजोबाने राजाला गुंडाळी वाचून दाखवली, मुलाने दुसरी गुंडाळी वाचायला जागा दिली आणि नातू तिची खबर घेऊन धावला. (यिर्मयाने तो मजकूर पुन्हा सांगितला, बारूखाने पुन्हा लिहिला, आणि भर घालून लिहिला.)

घराण्याचे हे चित्र निष्कलंक नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या इ.स.पू. ५९२ च्या दर्शनात सत्तर वडीलधारे अंधारात मूर्तींपुढे धूप जाळताना दिसतात. त्यांच्यामध्ये उभा आहे याजन्या, शाफानाचा मुलगा. हा शाफान तोच असेल, तर यहेज्केलाने सत्तरांतून हेच एक नाव घेण्यामागचा धक्का समजतो : या घरातलासुद्धा? दुसरीकडे एलासा हा शाफानाचा आणखी एक मुलगा यिर्मयाचे पत्र घेऊन बॅबिलोनच्या निर्वासितांकडे गेला. तिथेच घरे बांधा, मळे लावा, त्या शहराचे भले चिंता, असे सांगणारे ते पत्र.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास शहर पडले. बॅबिलोनने उरलेल्या प्रदेशावर कारभारी नेमला तो राजवंशातला नव्हता. तो अहीकामाचा मुलगा गदल्या होता. त्याने उत्तरेकडील मिस्पा येथे ठाणे मांडले. आपल्या बापाने ज्याचा जीव वाचवला होता, तो यिर्मया आता त्याच्या आश्रयाला आला. गदल्याने विखुरलेल्या सैनिकांना अभय दिले आणि सांगितले की बॅबिलोनची ताबेदारी मान्य करून राहा, द्राक्षे, फळे, तेल यांचा साठा करा. मवाब, अम्मोन, अदोम येथे पळालेले लोक परतू लागले. त्या हंगामात पीकही भरपूर निघाले.

योहानान नावाच्या सरदाराने त्याला सावध केले : राजवंशातला इश्माएल तुला मारायला निघाला आहे, अम्मोनचा राजा बालीस याची त्याला फूस आहे, मला गुपचूप त्याचा काटा काढू दे. गदल्याने मानले नाही. तू इश्माएलाविषयी खोटे बोलतोस, असे तो म्हणाला. सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसांसह आला, गदल्याच्या पंक्तीला जेवला आणि जेवता जेवताच उठून त्याने त्याला ठार केले. नंतर मंदिराच्या भग्न जागी अर्पणे घेऊन निघालेल्या ८० यात्रेकरूंना त्याने फसवून मिस्पात आणले. त्यांतले ७० मारले आणि प्रेते एका जुन्या टाक्यात टाकली. उरलेले लोक बॅबिलोनच्या भयाने मिसरात पळाले. जाताना त्यांनी यिर्मयालाही सोबत नेले.

हे टाके गदल्याच्या हातून मारलेल्यांनी भरले, असा एक विचित्र शब्दप्रयोग मूळ हिब्रूत आहे. मारणारा इश्माएल, मग हात गदल्याचा कसा? तालमूदमधील पंडितांचे उत्तर कठोर आहे : योहानानाचा इशारा त्याने मनावर घ्यायला हवा होता, तो घेतला नाही, म्हणून दोष त्याच्याकडेही येतो. सहज पटत नाही, पण झटकूनही टाकता येत नाही. अहीकामाला दरबारातले विष ओळखता येत होते, म्हणून यिर्मया जगला. गदल्याला बापाची निष्ठा मिळाली, संयम मिळाला. ती ओळख मिळाली नाही. केवळ संशयावरून माणूस गुपचूप मारायचा नाही, हा त्याचा नकार मात्र योग्यच होता. त्या नकारानंतर दारावर पहारा वाढवायला कोणाची हरकत होती?

ज्यू पंचांगात नववर्षानंतर तिश्री महिन्याच्या तिसऱ्या दिवशी गदल्याच्या मृत्यूचा उपवास आजही पाळला जातो. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाने नववर्षाला 'नव्याचा सण' म्हटले आणि या उपवासाला 'नव्याचा रोजा'.