ट्रंकेतली ओल

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. सांगताना संकोच वाटतो, कारण चूक आमचीच होती. पण आपल्या वस्त्यांतील पुष्कळ घरे आमच्या घरासारखीच आहेत, म्हणून सांगतो.

थोरल्या बंधूंच्या मुलीला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता. जातपडताळणीचा अर्ज भरायचा, तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा. आमच्या घरात आजवर कोणाचीच पडताळणी झालेली नव्हती. तरी आम्ही निर्धास्त होतो. आजोबांचा १९३८ सालचा शाळा सोडल्याचा दाखला घरात होता. आमच्या घराण्यात चौथी पास झालेले ते पहिलेच. खाटेखालची ट्रंक ओढली, झाकण उघडले आणि कुबट वासाचा भपकारा आला. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत दाखला होता. पिशवीला आतून पाण्याचे थेंब. कागदावर काळीहिरवी बुरशी. आजोबांचे नाव अर्धेच दिसत होते, आणि जातीचा रकाना जुन्या रेशनकार्डाच्या पाठीला चिकटून बसला होता.

वडील हयात होते तोवर हाच दाखला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, स्टोव्हच्या बाजूच्या उंच फळीवर असे. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात ते एकेक कागद बाहेर काढून वाऱ्यावर ठेवीत. २६ जुलै २००५ रोजी आमच्या खोलीत कमरेएवढे पाणी आले, तेव्हाही तो डबा कोरडा राहिला. वडील गेल्यावर डबा गंजला म्हणून आम्ही तो भंगारात दिला आणि कागद ‘सुरक्षित’ राहावेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ट्रंकेत टाकले. तेही ऐन पावसाळ्यात. वडील सातवीपर्यंत शिकलेले, आम्ही बी.कॉम.

आई एवढेच म्हणाली, “तुझ्या बानं पुरात सांभाळलं, आन् तू ट्रंकेत बुडवलंस.”

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा उलगडा झाला. आमची खोली तळमजल्याची, मागच्या भिंतीला लागून गटार. विटा खालचे पाणी शोषून वर ओढतात, आणि ट्रंक नेमकी त्याच भिंतीला टेकलेली. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांवर असते. ती हवा पिशवीत बांधली, म्हणजे ओलच बांधली. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. बुरशीचे बी तर हवेत सगळीकडेच असते. त्याला ओल हवी आणि खायला काहीतरी हवे. कागद, सुती कापड, डिंक, चामडे, लाकूड, सगळे त्याला चालते.

कपड्यांना दिलेली खळही चालते. वैशाख पौर्णिमेला नेसलेली पांढरी साडी खळ करून पेटीत ठेवायची आणि आषाढ पौर्णिमेला काढायची, तर पदरावर काळे ठिपके! आमच्या माताभगिनींना हे दुःख चांगले ठाऊक आहे. साडी ठेवायची असेल तर खळ न करता, पूर्ण वाळवून, इस्त्री केली असल्यास ती निवल्यावर ठेवावी.

आमच्या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटातही हेच दिसले. वर्षावासात रोज संध्याकाळी वाचनासाठी बाहेर निघणारा ग्रंथ स्वच्छ, आणि त्याच कपाटात कुलपाआड राहिलेल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, खाली विटा दिल्या, पुस्तके थोडी सैल लावली. गंमत म्हणजे आमच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूमचे शिपाईमामा रॅक कधी भिंतीला टेकू देत नाहीत. वीस वर्षे आम्ही हे पाहतो आहोत, पण घरी आल्यावर डोके कचेरीतच राहते!

दाखल्याचे पुढे काय झाले? आईने तो उन्हात ठेवायला सांगितले, पुतण्या इस्त्री घेऊन आला, आणि आम्ही तर ओढून सोडवायलाच निघालो होतो. शेजारच्या ताई बाइंडिंगच्या कारखान्यात काम करतात. त्यांनी तिघांनाही थांबवले. वरखाली कोरे टिपकागद ठेवून, पंख्याखाली सावलीत वाळवायचा, टिपकागद ओले झाले की बदलायचे. ओली बुरशी पुसायची नाही, ती कागदात पसरते. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने, घराबाहेर, नाकाला फडके बांधून हलकेच झटकायची. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने त्या कामाला हातच लावू नये. तीन दिवसांनी दाखला सुटला, पण जातीच्या रकान्यात नुसता निळा डाग उरला होता.

मग रजा टाकून आम्ही सातारा जिल्ह्यातल्या मूळ गावी गेलो. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी लाल बासनात बांधलेले जुने जनरल रजिस्टर वरच्या फळीवरून काढले. पानांत कडुलिंबाचा वाळका पाला होता. त्याने कसर लागत नाही, मात्र ओल थांबत नाही. डांबराच्या गोळ्यांचेही तेच. आजोबांची नोंद ठळक शाईत सापडली. उताऱ्यावर शिक्का पडेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुदतीला चार दिवस उरले असता अर्ज दाखल झाला.

बंधूभगिनींनो, काहीजण कागदांना लॅमिनेशन करा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आत राहिलेली ओल आतच राहते, आणि ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. त्यापेक्षा झेरॉक्स काढून एक संच बहिणीच्या घरी ठेवावा. बुटांच्या खोक्यात येणारी दाण्यांची पुडी छोट्या डब्याला उपयोगी पडते, अख्ख्या ट्रंकेला पुरत नाही. चुनकळीही ओल ओढते, पण पाणी लागले की ती तापते आणि डोळ्यांत गेली तर मोठी इजा होते, तेव्हा लेकराबाळांच्या घरात नकोच. पावसाची झड चालू असताना पेटी उघडून ‘हवा देऊ’ नये, त्याने ओल आणखी आत जाते. उघडीप पडलेल्या दिवशी दुपारी उघडावी. भिंतीवरची बुरशी रंगाखाली झाकू नये. आधी गळती आणि गटार पाहावे, नाहीतर रंगाचे पैसे वाया जातात. आमचे दोनदा गेले.

आता आमच्याकडे नवा पत्र्याचा डबा आहे, त्याच जुन्या फळीवर. पुतणी दुसऱ्या वर्षाला गेली. या ऑक्टोबरात आईने सगळे कागद गोधडीवर मांडून मोजले. आजोबांचा डागाळलेला दाखलाही त्यात होता. उतारा मिळाल्यावर आम्ही तो टाकायला निघालो होतो, पण आईने टाकू दिला नाही. तिने तो वेगळ्या फडक्यात बांधून ठेवला आहे.